दारू हराम, मग औषध, अत्तर आणि सॅनिटायझरचं काय?

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की घाट चढून वर येताच मांजरसुंबा लागतं. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. असा चौफुला म्हटला की ढाबे आले, गॅरेज आली, मेडिकल आलं आणि ट्रकांची वर्दळ आली. अल्कोहोल ज्या ज्या रूपांत माणसाच्या वाट्याला येतं, ती सगळी रूपं अशा रस्त्यावरून जातात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळीचे आणि इथेनॉलचे टँकर धावतात. पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असतं. देशी दारूची खोकी जातात, तशीच खोकल्याच्या औषधांची, होमिओपॅथीच्या बाटल्यांची, डिओडरंटची आणि दशमूलारिष्टाचीही जातात.

या रस्त्यावर पोट असलेल्या मुसलमान माणसापुढे त्यातून अगदी रोजचे प्रश्न उभे राहतात. ड्रायव्हर विचारतो, हा माल वाहून मिळालेलं भाडं हलाल का? बाळंतिणीची सासू विचारते, अरिष्ट पाजावं का? नमाजी विचारतो, सेंट मारलेल्या कपड्यांवर नमाज होईल का? दारू हराम आहे हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘अल्कोहोल’ हा शब्द लेबलवर दिसला की मन घुटमळतं.

या घुटमळण्याला शरियतच्या अभ्यासकांनी, म्हणजे फकीहांनी, गेली तेराशे वर्षं बारकाईने उत्तरं दिली आहेत. त्यांच्यात मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. तरी सगळं वाचल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की होते. या कायद्याचा रोख नशेवर आहे. एखाद्या रासायनिक द्रव्यावर तो नाही. हे नीट उमगलं नाही तर दोन्हीकडून नुकसान होतं. भाबडा माणूस गरजेचं औषध टाकून देतो, आणि पिणारा माणूस ‘आजकाल अल्कोहोल कशात नसतं?’ म्हणत मोकळा होतो.

मनाई कशी आली

कुरआनात हा विषय टप्प्याटप्प्याने येतो. सूरह नहलमध्ये खजूर आणि द्राक्षांपासून लोक मादक पेय आणि उत्तम अन्न दोन्ही बनवतात, एवढाच उल्लेख आहे. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगार यांत काही फायदा असला तरी त्यांचं पाप फायद्याहून मोठं, असं सांगितलं आहे. सूरह निसामध्ये नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका असा आदेश येतो. शेवटी सूरह माइदाच्या ९० आणि ९१व्या आयतींमध्ये दारू, जुगार, मूर्तींची ठाणी आणि बाणांचे कौल यांना सैतानी कामातली घाण ठरवून त्यांपासून दूर राहायला सांगितलं आहे. तिथे कारणही दिलं आहे. दारू माणसामाणसांत वैर पेरते, आणि ईश्वराच्या स्मरणापासून व नमाजपासून माणसाला तोडते.

हा शेवटचा आदेश मदिनेत पोहोचला त्या दिवसाचं वर्णन सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे. प्रेषितांचे साथीदार अबू तलहा यांच्या घरी मंडळी बसली होती आणि कोवळा अनस त्यांना पेय वाढत होता. बाहेर दवंडी ऐकू आली. अबू तलहांनी अनसला भांडी रिती करायला सांगितली आणि मदिनेच्या गल्ल्यांमधून दारू वाहिली. फकीहांच्या दृष्टीने या प्रसंगातला एक बारीक तपशील फार मोलाचा आहे. ओतून दिलेलं ते पेय द्राक्षांचं नव्हतं. ते अर्धकच्च्या खजुराचं, ‘फदीख’ नावाचं पेय होतं. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ याच तपशिलात आहे.

हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, यापुढचे नियम येतात. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट खम्र, म्हणजे दारूच्याच जातीची. ज्याचं जास्त प्रमाण नशा आणतं, त्याचा थेंबही वर्ज्य. दारू गाळणारा, गाळून घेणारा, पिणारा, वाहणारा, वाढणारा, विकणारा, विकत घेणारा, तिच्या पैशावर जगणारा वगैरे एकूण दहाजण शापित ठरवले आहेत. मनाई फक्त पिणाऱ्यापुरती ठेवली नाही, सगळी साखळीच तिच्यात घेतली. खलीफा उमर यांनी मिंबरवरून दिलेल्या खुतब्यात द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव अशा पाच उगमांचा उल्लेख करून अक्कल झाकणारी प्रत्येक गोष्ट दारू ठरवली.

द्राक्षाची आणि बाकीची

मालिकी, शाफई आणि हंबली या तीन मसलकांनी, म्हणजे कायद्याच्या परंपरांनी, यावरून सरळ निष्कर्ष काढला. नशा आणणारं प्रत्येक पेय दारूच, मग ते कशाचंही असो. त्याचा थेंबही हराम, आणि तीन मसलकांच्या रूढ मतानुसार ते नापाकही, म्हणजे कपड्याला लागलं तर कपडा धुतल्याशिवाय नमाज नाही.

इराकातल्या कूफ्यात हनफी मसलकाचे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) आणि त्यांचे शिष्य अबू यूसुफ यांनी वेगळी विभागणी केली. त्यांच्या मते कुरआनातली ‘खम्र’ म्हणजे कच्च्या द्राक्षरसाला उकळी फुटून, फेस येऊन झालेली दारू. तिचा थेंबही हराम, ती नापाक, तिची विक्री बाद. तिच्या शेजारी त्यांनी आणखी तीन पेयं बसवली: अर्धवट आटवलेला द्राक्षरस, खजुराचं आंबलेलं पाणी आणि मनुकांचं आंबलेलं पाणी. मध, धान्य, अंजीर वगैरेंपासून झालेल्या पेयांचा दर्जा त्यांनी वेगळा मानला. तीही नशा येईपर्यंत पिणं हराम आणि मौजेखातर पिणंही हराम. पण ती खम्र नव्हेत, आणि नशेखालची मात्रा त्याच कायद्यात बसत नाही.

अबू हनीफांचे दुसरे मोठे शिष्य इमाम मुहम्मद अश-शैबानी यांनी हे मत स्वीकारलं नाही. कशापासूनही बनलेलं असो, ज्याची बहुमात्रा नशा आणते त्याची अल्पमात्राही हराम, असं ते म्हणाले. पुढच्या हनफी मुफ्तींनी लोकांमध्ये वाढलेलं पिणं पाहून याच मतावर फतवा दिला. म्हणून बिअर, व्हिस्की, ताडी वा मोहाची दारू यांना हनफी मसलकात जागा आहे असं कोणी सांगत असेल, तर ते निखालस खोटं आहे. पिण्याच्या बाबतीत चारही मसलक आज एका ठिकाणी उभे आहेत.

मग अबू हनीफांच्या विभागणीचा आज उपयोग काय? पिण्यासाठी काहीच नाही. न पिण्याच्या वस्तूंसाठी मात्र फार मोठा आहे.

दख्खन, कोकण आणि मळी

महाराष्ट्रात या मतभेदाला भूगोल आहे. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, तर मराठवाड्यातले मुसलमान बहुतेक हनफी. अरबी समुद्रावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी कोकणात शाफई परंपरा आणली. दख्खनच्या पठारावर सुलतानी आणि मुघल अमलासोबत हनफी परंपरा रुजली. हनफी कायद्याचा भारतातला सर्वांत मोठा संग्रह म्हणजे ‘फतावा-ए-आलमगीरी’. तो औरंगजेबाच्या हुकमाने तयार झाला. संकलकांचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे, म्हणजे आपल्या खानदेशाच्या वेशीवरचे, आणि तो तयार करवून घेणारा बादशहा १७०७ पासून खुलताबादच्या मातीत आहे. त्या ग्रंथात पेयांवर स्वतंत्र प्रकरण आहे. अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद यांची मतं तिथे शेजारीशेजारी मांडलेली आहेत.

आता कारखान्याकडे वळू. आपल्याकडचं औद्योगिक अल्कोहोल मुख्यतः उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून येतं. बीड जिल्ह्यात परळीजवळच्या पांगरीचा वैद्यनाथ कारखाना, अंबासाखर, तेलगावचा सोळंके कारखाना ही नावं घराघरांत ठाऊक आहेत. साखर काढून घेतल्यावर उरणारी काळी, दाट मळी पातळ करून तिच्यात यीस्ट घालतात. आंबल्यावर ऊर्ध्वपातन केलं की सुमारे ९५ टक्के तीव्रतेचं रेक्टिफाइड स्पिरिट मिळतं. पाणी आणखी काढून टाकलं की पेट्रोलात मिसळण्याजोगं इथेनॉल होतं. याच स्पिरिटची एक वाट देशी दारूकडे जाते, दुसरी औषधाकडे, तिसरी सॅनिटायझरकडे आणि चौथी पंपाकडे.

पाकिस्तानातले देवबंदी परंपरेचे विद्वान मुफ्ती तकी उस्मानी यांनी सहीह मुस्लिम या हदीससंग्रहावरच्या आपल्या टीकाग्रंथात नेमका हाच धागा पकडला. औषधं, सुगंध आणि इतर उत्पादनांतलं आजचं अल्कोहोल बहुतांशी द्राक्ष-खजुराचं नसतं. त्यामुळे नशेसाठी नसलेल्या वापरात अबू हनीफांच्या मताप्रमाणे सवलत देता येते, कारण हा प्रकार आता सार्वत्रिक झाला आहे. फिक्हच्या, म्हणजे शरियतच्या कायदाशास्त्राच्या, परिभाषेत याला ‘उमूमे बलवा’ म्हणतात. एखादी अडचण सगळ्यांच्याच वाट्याला येऊ लागली, टाळताच येईनाशी झाली, तर कायदा तिथे सैल होतो. मराठवाड्यातल्या हनफी माणसासाठी ही सवलत लांबून ओढून आणलेली नाही. त्याच्या जिल्ह्यातला ऊसच तिला दुजोरा देतो.

सगळे हनफी मात्र इथे एकमताचे नाहीत. बरेलवी परंपरेचे अहमद रझा खाँ (१८५६–१९२१) स्पिरिटबाबत कडक होते, आणि त्या परंपरेतले अनेक मुफ्ती आजही इमाम मुहम्मदांच्या मताला धरून अल्कोहोल नापाक मानतात. मराठवाड्यात दोन्ही परंपरांच्या मशिदी आहेत. त्यामुळे एकाच प्रश्नाला दोन मोहल्ल्यांत दोन उत्तरं मिळू शकतात. त्यात कोणी बेइमान नाही. दोन्ही बाजूंना जुने आधार आहेत.

औषधाची बाटली

औषधाच्या बाबतीत हदीस स्पष्ट आहे. तारिक बिन सुवैद यांनी औषधासाठी दारू गाळण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांनी ती औषध नसून रोग असल्याचं सांगितलं. म्हणून सर्दीला ब्रँडी, अंगदुखीला रम, बाळाच्या हिरड्यांना दारूचं बोट हे घरगुती इलाज शरियतमध्ये बसत नाहीत, आणि आजचं वैद्यकही त्यांना औषध मानत नाही. फकीहांनी जिवावरच्या प्रसंगाला तेवढा अपवाद केला. घास घशात अडकून जीव चालला, जवळ पाण्याचा थेंब नाही, फक्त दारू आहे, तर घास उतरण्यापुरता घोट घ्यावा. हे उदाहरण जुन्या ग्रंथांत पुन्हापुन्हा येतं.

औषधात विरलेल्या अल्कोहोलचा मसला याहून निराळा आहे. शाफई फकीहांनीही नुसती दारू आणि औषधात मिसळून हरवलेली दारू यांत फरक केला. पर्याय नसेल आणि जाणकार वैद्याने सांगितलं असेल तर दुसरी चालते, असं त्यांचं म्हणणं. हनफींमध्ये इब्न आबिदीन यांनीही जवळपास याच अटी नोंदवल्या. आधुनिक काळात जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने ऑक्टोबर १९८६मध्ये अम्मानच्या बैठकीत ठरवलं की, दुसरं औषध नसेल आणि भरवशाच्या तज्ज्ञ डॉक्टराने लिहून दिलं असेल तर अल्कोहोलचं प्रमाण असलेलं औषध घेता येतं. मक्केच्या फिक्ह परिषदेने जानेवारी २००२मध्ये आणखी तपशिलात जाऊन सांगितलं: नुसती दारू औषध म्हणून नाही, औषधनिर्मितीला आवश्यक असलेलं, अल्प प्रमाणातलं आणि पर्याय नसलेलं अल्कोहोल चालेल, जखमेवर जंतुनाशक म्हणून बाहेरून लावायला हरकत नाही. औषध कंपन्यांनी आणि डॉक्टरांनी शक्य तिथे अल्कोहोलविना औषधं द्यावीत, असा आग्रहही त्यासोबत होता.

याचा व्यवहारी अर्थ सोपा आहे. काउंटरवर खोकल्याचं औषध घेताना अल्कोहोल नसलेलं सिरप आहे का, एवढं विचारावं. आज ते सहसा मिळतं. नसेल आणि डॉक्टरांनी हेच लिहिलं असेल, तर निःशंक घ्यावं. होमिओपॅथीतली मूळ द्रावणं अल्कोहोलमध्ये असतात, पण पेशंटच्या हाती येतात ते त्यांचे पाण्यातले चार थेंब किंवा साखरेच्या गोळ्या, आणि गोळ्यांवरचं अल्कोहोल बरंचसं उडून गेलेलं असतं. त्यातून नशा येणं शक्य नाही. कोणी भीतीपोटी मुलाचं औषध अर्ध्यात थांबवत असेल, तर तो दीन पाळत नाही, मुलाचं नुकसान करतो.

द्राक्षासवाचा प्रश्न

आसव-अरिष्टांकडे मात्र नीट थांबून बघायला हवं. मराठी घरात, मग ते कोणत्याही धर्माचं असो, बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची रीत आहे. बाटली फिरवून लेबल वाचलं तर त्यावर स्वयंनिर्मित अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं दिसतं, साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. हे अल्कोहोल वरून घातलेलं नसतं. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून तो महिनाभर बंद भांड्यात ठेवतात. तो आंबतो आणि अल्कोहोल त्यातच तयार होतं. वनस्पतींमधले काही गुण नुसत्या पाण्यात उतरत नाहीत, ते या अल्कोहोलमध्ये उतरतात आणि औषध टिकतंही.

फिक्हच्या नजरेने पाहिलं तर हे सिरपमधल्या दोन-चार टक्क्यांपेक्षा नाजूक प्रकरण आहे. पाच ते दहा टक्के म्हणजे बिअरच्या बरोबरीचं किंवा तिच्याहून तीव्र प्रमाण. शिवाय द्राक्षासव वा द्राक्षारिष्ट असेल तर कच्चा माल द्राक्ष किंवा मनुकाच. म्हणजे अबू हनीफांनी ज्या पेयांना खास कडक यादीत ठेवलं, त्यांच्याच शेजारी ते जाऊन बसतं. मळीची सवलत इथे लागू पडत नाही. दुसऱ्या बाजूने, ही औषधं दोन-चार चमचे पाणी घालून घेतात. सहसा कोणी मैफिलीसाठी ती उघडत नाही, आणि त्यांत वनस्पतींचा कडूपणा इतका असतो की ती नशेसाठी पिणं सोपं नाही. माझ्या वाचनातून निघणारं मत असं: काढा, चूर्ण, वटी, अवलेह असा पर्याय असताना तोच घ्यावा, वैद्याने नेमकं अरिष्टच गरजेचं म्हटलं तर जरूरतीच्या, म्हणजे निकडीच्या, नियमाखाली, ठरलेल्या मात्रेत घ्यावं. आपल्या मुफ्तींनी या औषधांवर औषधवार विचार करायला हवा. अरब देशांतल्या परिषदांपुढे दशमूलारिष्ट आलं नव्हतं. तो मसला आपला आहे.

अंगाला लागलेलं

अत्तराचा प्रश्न तुलनेने सोपा. जुनं देशी अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यात अल्कोहोल नसतंच. सेंट, कोलोन, डिओडरंट यांत मात्र ते बहुतांश असतं. ते नापाक का, हा मुद्दा दारू स्वतः नापाक का, यावर अवलंबून आहे. बहुमत नापाक म्हणतं. पण इमाम मालिक यांचे गुरू रबीआ, इजिप्तचे लैस बिन साद आणि शाफईंचे शिष्य मुझनी यांनी दारू हराम असूनही पाक मानली होती. त्यांच्या मते माइदातल्या आयतीतली ‘घाण’ कृत्याची आहे. जुगाराचे फासे हाताला लागले म्हणून कोणी हात धूत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कैरोच्या ‘अल-मनार’ मासिकाचे संपादक रशीद रझा यांनीही स्पिरिट पाक असल्याचं मांडलं. यात हनफींचा मळीचा मुद्दा मिळवला की सेंट लावून नमाज होते, असं म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम ठरते. ज्याला तरीही शंका वाटते त्याने चंदनी अत्तर लावावं. तो तक्वा, म्हणजे ईश्वराचं भय राखून केलेली सावधगिरी, झाला आणि त्याचा मान राखावा. पण त्याने शेजारच्या नमाजीला हटकू नये.

कोविडने हा मसला मशिदीच्या दारात आणून ठेवला. २०२०मध्ये बरेलीच्या मुफ्तींनी मशिदीत अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर वापरू नये असं सांगितलं, तर इतर अनेक उलेमांनी परवानगी दिली. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२०ला उघडली, तेव्हा हा वाद सगळ्यांच्या कानावर आलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांपैकी एकात ८० टक्के इथेनॉल आहे, दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे दुसरं रसायन पेयातलं अल्कोहोलच नव्हे, ते विषारी आहे. पिण्याच्या कायद्याचा आणि त्याचा संबंध नाही. पहिलं हातावरून काही सेकंदांत उडून जातं. मुद्दा जीव वाचवण्याचा होता. साबण-पाण्याचा पर्याय असेल तर उत्तम, नसेल तर सॅनिटायझर नाकारायला फिक्हमध्ये पुरेसा आधार नव्हता, असं मला वाटतं. ऑपरेशनआधीचं स्पिरिट, इंजेक्शनआधीचा बोळा आणि पंपावर हातावर उडालेलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांनाही हेच लागू आहे.

ताटातलं

खाण्याच्या वस्तूंमध्ये सर्वांत जुना मसला सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. दारू आपोआप आंबून सिरका झाली तर ती हलाल, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मुद्दाम काही घालून सिरका केला तर हनफी हलाल म्हणतात, शाफई नाही. अबू तलहांकडे अनाथ मुलांच्या वाट्याला आलेली दारू होती. तिचा सिरका करू का असं त्यांनी विचारलं तेव्हा प्रेषितांनी मना केलं, हा शाफईंचा आधार. हनफी म्हणतात, ती मनाई सुरुवातीच्या दिवसांतली, लोकांची सवय तोडण्यासाठीची होती. पदार्थाचं रूप आणि गुण पालटले की हुकूम पालटतो, या तत्त्वाला ‘इस्तिहाला’ म्हणतात. म्हणजे एकच बाटली रत्नागिरीच्या शाफई घरात आणि बीडच्या हनफी घरात वेगवेगळी ठरू शकते.

आंबवलेलं पीठ, पाव, पिकलेलं फळ यांत निसर्गतः अल्कोहोलचा अंश असतो, आणि त्याला कोणी हराम म्हटलेलं नाही. प्रेषितांसाठी खजूर पाण्यात भिजवत आणि ते गोड पाणी ते आंबण्याआधी, दोन-तीन दिवसांच्या आत पीत, अशी हदीस आहे. ताजी नीरा हलाल आणि तीच आंबून झालेली शिंदी हराम, हा फरक याच हदीसवरून कळतो. निजामाच्या राज्यात आबकारीचा मोठा महसूल शिंदी-ताडीतून आणि मोहातून येई. मुसलमान राजाच्या खजिन्यात तो पैसा जाई आणि त्याच राज्यातले उलेमा ती हराम सांगत. खजिन्याचा व्यवहार शरियतचा पुरावा ठरत नाही, हे त्यावरून ध्यानात यावं.

इसेन्स, रंग, शीतपेयं यांबाबत मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने २०११मध्ये आकडे ठरवले. दारू म्हणून न बनवलेल्या पेयात नैसर्गिक अल्कोहोल एक टक्क्याच्या आत असेल तर चालेल. चवीसाठी वापरलेल्या द्रव्यामुळे अंतिम पदार्थात राहिलेलं अर्ध्या टक्क्यापर्यंत चालेल. दारू म्हणून बनवलेल्या पेयाचा मात्र थेंबही नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनेही २०१८मध्ये अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली. हे आकडे तपासणीच्या सोयीसाठी आहेत. त्यांच्यामागचा विचार जुनाच आहे: कितीही प्यायलं तरी ज्याने नशा येणार नाही, ते दारूच्या कायद्यात येत नाही.

भाडं, मजुरी आणि जमीन

महामार्गावरच्या माणसाला सर्वांत बोचणारा प्रश्न पोटाचा आहे. शापित दहाजणांत वाहणारा आणि वाढणारा दोघे आहेत. तरीही अबू हनीफांनी एक बारीक भेद केला. मुस्लिमेतराची दारू वाहून नेण्याची मजुरी त्यांनी वैध मानली. वाहणं हे श्रम आहे, पाप पिणाऱ्याच्या इच्छेतून घडतं, अशी त्यांची मांडणी. अबू यूसुफ आणि मुहम्मद या दोन्ही शिष्यांनी ती मजुरी मकरूह, म्हणजे नापसंत, ठरवली, आणि इतर मसलकांनी तर नाजायज. हनफी कायद्यात मुस्लिमेतराच्या दारूला मालमत्ता मानलं आहे. मुसलमानाने ती फोडली तर त्याला भरपाई द्यावी लागते. दुसऱ्याच्या घरात घुसून कायदा हाती घेण्याला तिथे जागा नाही.

आजच्या बहुसंख्य मुफ्तींचं मत शिष्यांच्या बाजूला झुकतं, आणि मला तेच योग्य वाटतं. दारूची खोकी नेण्याचं काम टाळावं, परमिट रूममध्ये ग्लास भरण्याचं तर नक्कीच. पण मळीचा टँकर वेगळा, कारण मळी दारू नाही. पंपासाठीच्या इथेनॉलचा टँकर वेगळा, कारण ते इंधन आहे. शेतकऱ्याने कारखान्याला ऊस घालणं तर पूर्ण वैध. उसाची साखर होते, गूळ होतो, इंधन होतं. पुढे कोणी दारू केली तर ते त्याच्या माथी. दारूच करण्यासाठी घेतोय हे ठाऊक असताना वायनरीला द्राक्षं विकण्याबद्दल मात्र अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य यांच्यात तोच जुना मतभेद आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असं समर्थन ऐकू आलं. शरियतच्या हिशेबात नेमकी द्राक्षाची वाईनच पहिल्या क्रमांकाची दारू आहे.

कोर्टानेही हाच भेद केला

आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यालाही हे कोडं सोडवावं लागलं. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ याने अल्कोहोल असलेलं प्रत्येक द्रव्य ‘मद्य’ ठरवलं होतं. फ्राम नसरवानजी बलसारा यांनी व्हिस्की-ब्रँडीबरोबरच कोलोन, लॅव्हेंडर वॉटर आणि औषधं बाळगण्याच्या हक्कासाठी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने मे १९५१मध्ये कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी अवाजवी ठरवून काढून टाकली. पुढे १९५२च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २४अमध्ये कसोटी लिहिली गेली: मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेलं औषध, प्रसाधन, जंतुनाशक, इसेन्स या बंदीबाहेर. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि नंतर हाच कायदा इथेही लागू झाला. बगदाद-कूफ्याच्या फकीहांशी या न्यायमूर्तींचा काही संबंध नव्हता. पण नशेचं पेय आणि कामाची वस्तू यांत भेद केल्याशिवाय कुठलीही दारूबंदी चालत नाही, या जागी दोघेही पोहोचले.

महामार्गाचा प्रश्नही कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबर २०१६च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितलं. ३१ मार्च २०१७ला २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झालं. कारण एकच: नशेत चाललेल्या गाड्या आणि रस्त्यावर जाणारे जीव. बुद्धी झाकली जाण्याची भीती खलीफा उमर यांना होती तशी न्यायालयालाही होती.

अल्कोहोल नसलेली नशा

नशा हीच कसोटी असेल तर ती उलट बाजूनेही लावावी लागते. भांग, अफू, गांजा यांच्यावर फकीहांनी जुन्या काळीच हुकूम लावले. मालेगाव, छत्रपती संभाजीनगर या शहरांत ‘कुत्ता गोली’ नावाने झोपेच्या गोळ्यांचा बाजार पोरांपर्यंत पोहोचला, कोडीनच्या सिरपच्या बाटल्या रिचवल्या जाऊ लागल्या. त्या गोळीत अल्कोहोलचा अंशही नाही. तरी नशेसाठी घेतली तर ती हराम आहे, यात कोणालाही शंका नसावी. उलट ९० टक्क्यांचं स्पिरिट जखमेवर लावणं वैध आहे. लेबलवरचा आकडा बघून दीन ठरवणाऱ्याच्या हातून हे दोन्ही निसटतात.

मला मनापासून वाटतं की आपली काळजी चुकीच्या ठिकाणी खर्च होते आहे. सेंटच्या फवाऱ्यावर तासभर वाद घालणारा मोहल्ला, गल्लीतला पोरगा गोळ्या खातो यावर गप्प बसतो. हातभट्टीने घरं उजाड होतात, जून २०१५मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची उचल नवऱ्याच्या दारूत जाते. माइदातल्या आयतीचा रोख याच विध्वंसावर आहे. गावातलं दुकान बंद करण्यासाठी बायका आडव्या बाटलीच्या मतदानाला उभ्या राहतात, तेव्हा मुसलमानांनी त्यांच्यासोबत उभं राहणं हे त्या आयतीचं खरं पालन आहे.

यासाठी एक ठोस काम करता येईल. फतवे उर्दूत असतात, मूळ ग्रंथ अरबीत, औषधाचं लेबल इंग्रजीत, आणि बीड जिल्ह्यातली मुसलमानांची नवी पिढी मोठ्या संख्येने मराठी शाळेत शिकते. मुफ्ती, डॉक्टर आणि औषधविक्रेते यांनी एकत्र बसून, हनफी आणि शाफई दोन्ही मतं देऊन, सर्वसामान्य औषधं, अरिष्टं, प्रसाधनं, खाद्यपदार्थ आणि कामधंदे यांची मराठी पुस्तिका काढावी. तिच्यात पर्यायी औषधाचं नाव असावं, ‘जरूरत’ कधी लागू होते ते असावं, आणि पहिल्याच पानावर गोळ्या, सिरप व हातभट्टी यांच्याबद्दल स्पष्ट इशारा असावा. जुम्म्याच्या खुतब्यात हा विषय वर्षातून एकदा तरी मराठीत मांडला जावा. असं झालं तर बाळंतिणीच्या सासूला शंकेने बाटली फेकावी लागणार नाही, आणि पिणाऱ्याला त्या शंकेच्या आड लपता येणार नाही.